कोरड्या गावातली होडी

आमच्या गावात पाणी टँकरनं यायचं आणि अंगणात होडी होती, असं कुणाला सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग माझ्याकडे नीट बघतात, बाई थट्टा करतेय की काय म्हणून. थट्टा नाही. कवठे महांकाळपासून थोडं आत, जिथं जोंधळा आणि द्राक्षं सोडून फारसं काही तग धरत नाही, तिथं घराशेजारच्या बेदाण्याच्या शेडमध्ये आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिडाची होडी बांधली. द्राक्षं वाळवायच्या जाळ्या एका बाजूला गुंडाळून ठेवल्या आणि मधल्या जागेत तिचा सांगाडा उभा राहिला. बेदाण्याला धुरी द्यायचे त्या गंधकाचा वास शेडमध्ये मुरलेला होता, तो लाकडाला लागला तो लागलाच. आजही आतली फळी ओली झाली की तो वास येतो आणि मी क्षणभर एकोणीस वर्षांची होते. मग गुडघा बोलतो, आणि परत पन्नाशीत येते.

आमच्याकडची पोरं मिलिटरीत जातात. आबाही त्याच इराद्यानं भरतीला गेले आणि चुकून नेव्हीच्या रांगेत उभे राहिले, अशी गोष्ट गावात सांगत. आबा ती कधी नाकारत नसत. जहाजावरची दिशा दाखवणारी यंत्रं सांभाळायच्या खात्यात त्यांनी वीस वर्षं काढली आणि पेन्शनीत निघून घरी आले. गावाला वाटलं, आता हा माणूस बाग लावेल, संध्याकाळी पारावर बसून जगाच्या गोष्टी सांगेल. आबांनी लाकूड आणलं. पलीकडच्या मळ्यातले रामूतात्या रोज येऊन शेडच्या दारात तंबाखू मळत उभे राहायचे.

"हणमंता, होडी झाली रं. पाणी कवा आणतूयास?"

"तात्या, आदी होडी. पाण्याला कळाय नगं का, हितं कोन वाट बगतंय ते?"

आबांच्या मनात एकच होतं. होडी कोकणात न्यायची, आणि जो समुद्र त्यांनी वीस वर्षं दुसऱ्याच्या हुकमानं पाहिला तो एकदा आपल्या मनानं पाहायचा. रत्नागिरीच्या बाजूनं निघायचं आणि किनारा धरून खाली कारवारपर्यंत जायचं. बरोबर मला न्यायचं. मी तेव्हा सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते, पहाटेच्या एसटीनं जायचे आणि दिवेलागणीला यायचे. होडीतल्या वायरिंगला आबांना माणूस हवा होता, आणि मला आबा हवे होते. लहानपणी ते मला सुट्टीपुरतेच मिळाले होते. म्हणजे एकमेकांची गरज भागवण्यासाठी आम्ही दोघं त्या शेडमध्ये पाठीला पाठ लावून बसत होतो, आणि हातात सोल्डरिंगची कांडी असली की न बोलताही चालायचं.

आई यातलं सगळं बघत होती. ती बोलून विरोध करणारी बाई नव्हती. चुलीपुढे बसून भाकरी थापायची, हुलग्याचं माडगं घोटायची आणि त्या घोटण्याच्या जोरावरून आम्ही आजचं हवामान ओळखायचो. एकदा मात्र तिनं ताटं वाढली, स्वतः बसली नाही, आणि उभ्यानंच सांगितलं.

"जावा. मी आडवी येनार न्हाई. पर आदी समदी यंत्रं एकच बोलली पायजेत. एक जरी येगळं बोललं, तर होडी इकायची."

आबांनी घास तोंडात तसाच धरून मान हलवली. ही अट कुठून आली ते आम्हाला तिघांनाही माहीत होतं. मी लहान असताना आबांचं जहाज वादळात सापडलं होतं. रेडिओ एक सांगत होता, तालुक्याहून आलेला माणूस दुसरंच सांगत होता, आणि शेजारच्या गावच्या एका सुट्टीवरच्या जवानानं तिसरंच ऐकलं होतं. जहाज सुखरूप आहे हे खरं ठरलं, पण ते कळेपर्यंत आईनं कुंकू लावायचं की नाही या विचारात रोज सकाळी आरसा हातात घेऊन खाली ठेवला होता. माणसाची खबर तीन तोंडांनी तीन आली की काय होतं, ते तिला विचारावं. तर तेव्हापासून तिचं एकच मागणं, खबर एक यावी.

यंत्रं आबांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून जमवली होती. एक पाण्याची खोली सांगणारं, एक उपग्रहावरून जागा सांगणारं जीपीएस, एक इलेक्ट्रॉनिक होकायंत्र, आणि सुकाणू आपणहून धरणारं ऑटोपायलट. माहितीपुस्तक एकाचंही नाही. कोणती तार कुठली हे बोटांनी शोधायचं. त्यातलं प्रत्येक यंत्र एका तारेनं बोलतं आणि दुसऱ्या तारेनं ऐकतं. माझं जीपीएस आणि ऑटोपायलट बरेच दिवस दोघंही बोलतच होते, ऐकत कुणीच नव्हतं. तारा अदलाबदल केल्यावर ऐकायला लागले, पण समजेना. मग दोघांचा बोलण्याचा वेग सेटिंगमध्ये जाऊन एक केला आणि पडद्यावर आकडे उमटले. मी शेडमधून ओरडत घरात गेले. आई भाकरी उलटत म्हणाली, "बोलली व्हय? बरं झालं. आमाला तर अजून जमलं न्हाई." आबा बाहेर हसल्याचं ऐकू आलं.

खोलीचं यंत्र आधी अंगणातल्या हौदात घालून पाहिलं. घातल्याबरोबर ते किंचाळायला लागलं. पाणी उथळ असलं की धोक्याची सूचना द्यायची ही त्याची रीत, आणि ती बंद कशी करायची ते आम्हाला ठाऊक नव्हतं. रामूतात्या मळ्यातून धावत आले. पाणी कमी असलं की हे यंत्र ओरडतं म्हणून कळल्यावर ते म्हणाले, "मग आपल्या तालुक्यात ह्याचा घसाच बसंल की गड्या." आणि लगेच ते यंत्र त्यांच्या विहिरीवर न्यायला लावलं. आबांनी सेन्सर दोरीनं खाली सोडला, मी पडद्यावरचे मीटर वाचले. तात्यांनी हात झटकला.

"मीटर-बिटर ऱ्हाऊ दे. परसात सांग."

विहीर आमच्याकडे परसात मोजतात, माणूस हात वर करून उभा राहील तेवढा एक परस. मी आबांकडे पाहिलं. आबांनी गालात हसत यंत्राची दोन बटणं दाबली आणि ते समुद्रावरच्या मापात, फॅदममध्ये नेलं. "घ्या तात्या, परस. ह्ये इंग्रजबी हिरीवालंच हुतं." परस आणि फॅदम अगदी तंतोतंत एक नाहीत, पण तात्यांच्या विहिरीला तेवढं चाललं. पुढे कित्येक दिवस आसपासच्या मळ्यांतून आम्हाला बोलावणी येत होती. आम्ही होडीवाले होतो ते पाणीवाले झालो.

होकायंत्र मी सगळ्यांत शेवटी बसवलं. त्याचा सेन्सर होडीच्या मध्यावर, बाकड्याखालच्या पोकळीत, लोखंडापासून लांब. त्याच बाकड्यावर आबा झोपणार होते. शेडमध्ये तपासलं तेव्हा त्याची उत्तर आणि आबांच्या जुन्या पितळी होकायंत्राची उत्तर दोन्ही तात्यांच्या बांधावरच्या लिंबावर येत होत्या. आईला बोलावून दाखवलं. तिनं दोन्ही पाहिली, लिंबाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हितं बोलत्यात. पाण्यावर बोलूंद्यात."

पाणी म्हणजे कोयनेचा फुगवटा. समुद्रात न्यायच्या आधी बामणोलीला चाचणी घ्यायची ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी आईनं होडीला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, आत जाऊन दिवा ओवाळला. ती आत जरा जास्त वेळ होती, पण पूजेला बसलेल्या बाईला कोण विचारणार. मग ट्रकवर होडी चढली आणि सांगलीवरून, कऱ्हाडावरून साताऱ्याकडे निघाली. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी वाटेत थांबून विचारलं, "कुठल्या गावाला पूर आला वं?" साताऱ्याच्या पुढं कासच्या चढाला ड्रायव्हर देवाचं नाव घ्यायला लागला. मी मागं होडीला धरून बसले होते. खाली दरीत पाणी दिसलं तेव्हा आबांनी केबिनच्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि नुसता वाऱ्यात धरून ठेवला.

पाण्यात उतरल्यावर होडी इतकी सहज तरंगली की आम्हालाच नवल वाटलं. आई धक्क्यावर डबा मांडीवर घेऊन बसली. पाण्याच्या पलीकडे डोंगराच्या सोंडेवर एक पांढरं देऊळ होतं. आबांनी त्याच्याकडे तोंड केलं, शीड भरलं, आणि मला म्हणाले, "संगे, दे आता यंत्राच्या हातात." मी ऑटोपायलटचं बटण दाबलं. होडी थोडा वेळ सरळ गेली आणि मग शहाण्या म्हशीसारखी आपल्या मनानं वळून भलतीकडेच निघाली. पडद्यावर मात्र सगळं ठीक. मी जीपीएस पाहिलं, ते देवळाची दिशा बरोबर सांगत होतं. पितळी होकायंत्रही बरोबर. माझं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र एकटंच वेगळं बोलत होतं.

दोष माझ्या वायरिंगचा होता, दुसरं काय असणार. मी जोड उघडले, पुसले, पुन्हा घट्ट केले. अर्थिंग तपासलं. यंत्र बंद करून चालू केलं. आबांच्या खिशातला चाकू धक्क्यावर ठेवून आलो, पाना-पक्कडीची पेटी उतरवली, पाण्याची बादली उतरवली. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. आई धक्क्यावरून काही विचारत नव्हती. मी तिच्याकडे बघत नव्हते.

मग आबांनी सुकाणू स्वतः घेतलं. त्यांनी होडी उलटी फिरवली आणि देवळाकडे पाठ केली. आता चूक दुसऱ्या अंगाला झाली. त्यांनी माझ्या हातातला टेस्टर हळूच काढून घेतला.

"तारंचा दोष न्हाई ह्यो, पोरी. तारंचा दोष चारी दिशंला सारखाच असतो. होडी फिरवल्यावर चूक बी फिरत्याय, म्हंजी लोखंड हाय कुठंतरी. आन् ते होडीच्या आतच हाय."

रडू आलं मला, सुटल्यासारखं. आम्ही धक्क्याला लागलो. आबांनी पितळी होकायंत्र तळहातावर घेतलं आणि होडीच्या आतून हळूहळू फिरवायला लागले. पुढं काही नाही, शिडाच्या खांबापाशी काही नाही. बाकड्यापाशी आले आणि काटा झोपेतून उठल्यासारखा झटकन वळला. आबांनी उशाकडची फळी उचलली. सेन्सरच्या अगदी कुशीत, आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. उलगडलं तर अडकित्ता. चांगला जाडजूड, काळा पडलेला, लोखंडी. माझ्या आजीचा.

मी तो ओळखला. आमच्याकडे बाळंतिणीच्या आणि तान्ह्या पोराच्या उशाखाली लोखंड ठेवतात, बाहेरचं काही लागू नये म्हणून. मी याच अडकित्त्यावर डोकं ठेवून मोठी झाले होते.

आबा तो हातात घेऊन धक्क्यावर चढले. मी त्यांना घरात आवाज चढवताना फार कधी ऐकलं नव्हतं.

"ह्ये तू ठिवलंस?"

"व्हय."

"होडी जाऊ नये म्हनून? सरळ सांगायचं हुतंस. इकली असती. पोरगी सकाळधरनं सवताला शिव्या देत्याय."

आई उठून उभी राहिली. डबा मांडीवरून घरंगळला आणि भाकरी धक्क्यावर पडल्या, तिनं तिकडे पाहिलंही नाही.

"मला काय ठावं तुमच्या यंत्राला लोखंड सोसत न्हाई? आन् होडी अडवायची असती तर पैल्या फळीलाच अडवली असती."

"मग कशापायी? पोरीच्या काळजीनं व्हय?"

"पोरीला पवता येतंय. तिला सांगितलं तर ती ऐकतीबी." आईचा आवाज इथं फाटला. "तुमच्यासाठी ठिवलाय. वीस वर्सं तुमी पाण्यावर हुता. पोरीच्या उशाला ठिवला, तुमच्या उशाला कसा ठिवू? जहाज कुठं, मी कुठं. माज्या हातानं लोखंड ठिवायला तुमच्याजवळ जागाच नव्हती कवा. आता जागा घावली, म्हनून ठिवला."

एक लाँच प्रवासी भरून निघून गेली, तिच्या लाटांनी आमची होडी धक्क्याला दोन-तीनदा टेकली. मला आठवतं, आबांनी अडकित्ता उघडला, मिटला, पुन्हा उघडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. मला तोवर वाटायचं की वाट बघणं म्हणजे काही न करता बसणं. आईनं वीस वर्षं हातात लोखंड घेऊन जागा शोधली होती, हे मला त्या धक्क्यावर समजलं. आबांना बहुतेक माझ्यासारखंच तेव्हाच समजलं.

मग ते खाली बसले, भाकरी गोळा केल्या, फुंकून डब्यात ठेवल्या, आणि एकदम कामाच्या आवाजात म्हणाले, "संगे, पितळंची पट्टी हाय का आपल्याकडं? आन् पितळंचंच स्क्रू."

"आबा, काढून टाकूया की. आईजवळ देऊया."

"काढायचं कशाला? लोखंड असलं तर यंत्राला चालतंय. जहाज तर समदं लोखंडाचंच असतंय की. ते हलता कामा नये, येवढंच. एका जागी ऱ्हायलं की यंत्र त्याला धरून हिशेब करतं."

त्यांनी सेन्सर वीतभर पलीकडे सरकवला, अडकित्ता मिटवून बाकड्याच्या उशाकडच्या फळीला पितळी पट्टीखाली स्क्रूनं आवळून टाकला, आणि तो हलतो का ते आईला हात लावून बघायला सांगितलं. आईनं दोन्ही हातांनी ओढून पाहिला. हलला नाही.

"आता त्याला वळख करून द्यायची," आबा म्हणाले. होकायंत्राला ओळख करून द्यायची म्हणजे होडी संथपणे गोल फिरवायची, एकाच चालीनं, पुन्हा पुन्हा. फिरताना ते चारी बाजूंनी आपल्याजवळचं लोखंड ओळखतं आणि तेवढं वजा करायला शिकतं. आबा सुकाणूशी बसले, मी पडद्यापाशी. आई धक्क्यावर उभी होती. आबांनी तिच्यापुढे हात केला.

ती पाण्याला घाबरते हे मला माहीत होतं. तिनं चप्पल काढली, देवळात शिरताना काढतात तशी, पदर खोचला आणि होडीत आली. बाकड्यावर, अडकित्त्याच्या बरोबर वर बसली, एका हातानं मला धरलं आणि डोळे मिटून म्हणाली, "हां. फिरवा."

आम्ही त्या पाण्यात गोल गोल फिरलो. डोंगर, देऊळ, धक्का, पुन्हा डोंगर. आईचे ओठ हलत होते. मी पडद्याकडे बघत होते, तो काही सांगेना, मग एकदम एक आकडा आला, यंत्रानं स्वतःची चूक किती आहे ते ओळखलं होतं. आबांनी देवळाकडे तोंड केलं. तिन्ही एकच बोलली. आईनं डोळे उघडून पितळी होकायंत्र स्वतः पाहिलं, जीपीएसचे आकडे मला वाचायला लावले, देवळाकडे पाहिलं. आणि म्हणाली, "जावा."

आम्ही गेलो. कारवारपर्यंत नाही, वाऱ्यानं गोव्याच्या अलीकडेच परत लोटलं, पण गेलो. ती वेगळी गोष्ट आहे, आणि खरं तर तिच्यात घडलं काहीच नाही. आबा रात्री त्या बाकड्यावर घोरत आणि मी वर चांदण्यात बसून त्यांचं घोरणं ऐकत असे, एवढंच. होडी मग कोकणातल्या खाडीतच राहिली आणि तिच्या मागं मीही राहिले. लोकांच्या बोटींवरची यंत्रं बसवणं, बिघडलेली बोलती करणं हा माझा धंदा झाला. आमच्या होडीतली यंत्रं मी पुढे दोनदा बदलली, आणि दोन्ही वेळा नवं होकायंत्र अडकित्त्यासकट फिरवून घेतलं.

आबा गेले त्याला फार दिवस झाले नाहीत. अस्थी समुद्रात सोडायच्या ही त्यांची इच्छा होती. आई आली, होडीत बसली, गावी गेली. त्यानंतर होडी काढायचं माझ्याच्यानं होईना. एका सकाळी काढली. खाडीच्या मुखाशी ऑटोपायलट लावलं आणि होडी भलतीकडे वळली. मी हसलेच आधी. जोड तपासले नाहीत, टेस्टर काढला नाही. होडी उलटी फिरवली, चूकही फिरली. लोखंड. पण आता तर लोखंड आणलंच नव्हतं कुणी. मी खाली जाऊन उशाकडची फळी उचलली. पितळी पट्टी होती, चारी स्क्रू परत नीट बसवलेले होते. अडकित्ता नव्हता. यंत्र अजून नसलेलं लोखंड वजा करत होतं.

मी तिथूनच गावी फोन लावला.

"आई, अडकित्ता कुठाय?"

तिच्या मागं कोंबड्या ओरडत होत्या.

"मीच आनला काडून, त्या दिशी. तू वर हुतीस तवा. ज्येंच्यासाठी ठिवला हुता ते गेलं की गं. आता होडीत कुनासाठी ठिवायचा?"

"आई, मी हाय की अजून होडीत."

पाणी होडीला लागत होतं. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"व्हय की. माज्या ध्येनातच न्हाई आलं. घिऊन येती उद्या."

"पाठवून दे कुणाबरोबर. एवढा प्रवास नको करूस एकटी."

"एसटी हाय की. बायकांना आर्दं तिकीट हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती स्टँडवर उतरली, हातात पिशवी, पिशवीत शेंगदाण्याची चटणी, भाकरी आणि लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला अडकित्ता. चहाही न घेता खाडीवर चल म्हणाली. स्क्रू मी आवळले, हलतो का ते तिनं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. मग चप्पल काढून ठेवली, बाकड्यावर बसली, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "हां. फिरव."